तरंगते तोवर मोडा: निकामी मासेमारी नौका पाण्यातून काढायची कशी आणि तिची विल्हेवाट लावायची कशी

दहा मीटरची फायबरची (म्हणजे काचेचे तंतू रेझिननं घट्ट केलेली) मासेमारी नौका जेटीला तरंगत असतानाच मोडायला काढली, तर काम सरळ असतं. ओढून वर घ्यायची, रिकामी करायची, कापायची, तुकडे भरून न्यायचे. तीच नौका खाडीच्या चिखलात रुतली की भरती-ओहोटीचं वेळापत्रक आलं, पंप आले, पोकलेन आला. बुडाली की पाणबुडे आले. आणि बुडून तीन-चार पावसाळे गेले, फळ्या सुटल्या, फायबरचे पापुद्रे निघायला लागले, की नौका काढणं हा प्रकारच संपतो. चिखलातून तुकडे वेचत बसायचं. खर्च प्रत्येक पायरीला नुसता वाढत नाही, उडी मारतो. आणि नौकेतून जे चार पैसे सुटायचे असतात (इंजिन, गिअर बॉक्स, शाफ्ट, पंखा) ते प्रत्येक पायरीला कमी होत जातात.

डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत जवळपास प्रत्येक खाडीत, आणि पुढे गोव्यात मांडवी-झुआरीच्या काठाला, अशा एकदोन नौका कलंडून पडलेल्या असतातच. मालक हयात असतो, पण 'बघू पुढच्या हंगामात' म्हणत असतो. या लेखात ते 'बघू' म्हणजे नेमकं काय काय, ते सांगितलं आहे.

बांधून ठेवलेली नौका बुडते कशी

कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. नौकेचा वरून उघडा भाग २० चौरस मीटर धरला, तर एका पावसाळ्यात तिच्यात ६० घनमीटर, म्हणजे ६० टन पाणी पडतं. एका दिवसात १०० मिलिमीटर झाला तर दोन टन. चालू नौकेवर हे पाणी उपसायला माणूस असतो, नाहीतर ती वर ओढून झावळ्यांनी किंवा ताडपत्रीनं शाकारलेली असते. टाकून दिलेल्या नौकेची बॅटरी उतरलेली, पंप बंद. दोन-तीन टन पाण्यानं ती खाली बसते, मग एक्झॉस्टचं किंवा डेकच्या निचऱ्याचं भोक, जे एरवी पाण्याच्या वर असतं, ते पाण्याखाली जातं. तिथून पुढे पावसाची गरज उरत नाही.

दुसरं कारण चोरी. पंखा ब्राँझचा असतो, शाफ्ट बहुधा स्टेनलेस स्टीलचा. भंगारात दोघांनाही भाव आहे. ओहोटीला नौका चिखलावर बसली की चोर पंखा सोडवतो, शाफ्ट ओढून काढतो आणि स्टर्न ट्यूब (शाफ्ट जिच्यातून तळाबाहेर जातो ती नळी) उघडी टाकून जातो. पाच सेंटिमीटर व्यासाचं भोक पाण्याखाली एक मीटरवर असेल तर त्यातून मिनिटाला सुमारे ३०० लिटर पाणी आत येतं. अर्ध्या तासात नऊ टन. पुढच्या भरतीला नौका उठतच नाही.

म्हणून नौका वापरातून काढायची असेल तर पहिलं काम कागदांचं नाही. पंखा आणि शाफ्ट स्वतःच काढून घरी न्यावेत, स्टर्न ट्यूबमध्ये निमुळती लाकडी गुट्टी कापड गुंडाळून ठोकावी, समुद्राचं पाणी आत घेणारे सगळे व्हॉल्व्ह बंद करावेत, आणि नौका उधाणाच्या रेषेच्या वर ओढावी. एवढं केलं तर मोडायला वर्षभर उशीर झाला तरी बिघडत नाही.

लाकडी नौकेवर नंतर फायबरचा थर चढवलेला असेल तर मात्र वर ओढून ठेवूनही ती टिकत नाही. एखाद्या तड्यातून पाणी फायबर आणि फळी यांच्या मध्ये शिरतं आणि वाट न मिळाल्यामुळे तिथेच राहतं. बाहेरून नौका धडधाकट, आतून फळी भुसभुशीत. अशा नौकेला पट्टा घालून उचलली की फायबर पट्ट्यात राहतं आणि लाकूड खाली येतं.

आधी मालक, मग क्रेन

आपली नसलेली नौका हलवणं हा सरळ सरळ गुन्हा ठरू शकतो, ती कितीही मोडकी असो. त्यामुळे आधी ओळख पटवायची. नाळेवरचा (नौकेच्या पुढच्या टोकावरचा) नोंदणी क्रमांक बहुधा रंगाखाली दडलेला असतो. पॉलिश पेपरनं हळू घासला तर दिसतो. तो गेला असेल तर इंजिनवरचा क्रमांक. तोही नसेल तर जवळच्या मच्छीमार सोसायटीतल्या दोन जुन्या तांडेलांना (नौका चालवणाऱ्यांना) विचारावं, हा उपाय कुठल्याही संगणकापेक्षा जलद चालतो.

बेवारस, कुणीच ओळखत नाही अशी नौका किनाऱ्याला लागली तर तिच्यावर चढू नये. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला करणारे 'कुबेर' ही पोरबंदरची ट्रॉलर वापरून आले होते, तेव्हापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक निर्मनुष्य नौकेकडे पोलीस आधी याच नजरेनं बघतात. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला 'लेडी हान' नावाची नौका वाहत आली, तिच्यात तीन एके-४७ सापडल्या आणि रायगड जिल्हा हादरला. शेवटी निघालं ते असं की ती मस्कतहून युरोपला निघालेली खासगी नौका होती. जूनमध्ये इंजिन बिघडलं, माणसांना दुसऱ्या जहाजानं वाचवलं, आणि नौका पावसाळी समुद्रात तशीच सुटली. फोन लावायचा तो ११२ ला किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ ला.

मालक ओळखीचा असेल तर परवानगीचा प्रश्न जागेवर ठरतो. मासेमारीचा परवाना मत्स्यव्यवसाय विभागाचा, १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखालचा. पण नौका जिथे पडली आहे ते पाणी छोट्या बंदराच्या हद्दीत असेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या बंदर अधिकाऱ्याकडे जायचं, मुंबई बंदरात असेल तर मुंबई बंदर प्राधिकरणाकडे, गोव्यात कॅप्टन ऑफ पोर्ट्सकडे. कांदळवनात असेल तर कांदळवन कक्षाकडेही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर कांदळवनाला आणि त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्याला हात लावणं सोपं राहिलेलं नाही, आणि ते बरंच आहे. नौका काढायच्या नादात झाडांमधून पोकलेन घातला तर नौकेपेक्षा मोठं नुकसान होतं. ती आत गेली ती भरतीच्या पाण्यावरून. बाहेरही त्याच वाटेनं, भरतीच्याच पाण्यावरून काढायची.

मोठ्या जहाजांना कायदा आहे आणि तरीही ती अडकून पडतात. कांदोळीला जून २००० मध्ये लागलेलं 'रिव्हर प्रिन्सेस' एक दशकाहून जास्त काळ तिथेच वाळूत खचत राहिलं. त्याच्यासाठी गोवा सरकारला वेगळा कायदा करावा लागला. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात मिऱ्याच्या बंधाऱ्यावर आदळलेलं 'बसरा स्टार' रत्नागिरीकरांनी वर्षानुवर्षं बघितलं. जहाज मोडणीच्या हाँगकाँग कराराची मर्यादा ५०० टनेजपासून सुरू होते आणि बुडालेली जहाजं काढण्याबद्दलच्या नैरोबी करारातली सक्तीच्या विम्याची ३०० पासून. आपली दहा मीटरची नौका या दोन्ही जाळ्यांच्या भोकांतून निसटते. बंदर अधिकाऱ्याला वाहतुकीला अडथळा ठरणारी बुडालेली नौका काढून खर्च मालकाकडून वसूल करण्याचा अधिकार १९०८ च्या बंदर कायद्यापासूनच होता, पण त्यात 'अडथळा' हा कळीचा शब्द आहे. बाजूच्या चिखलात कलंडलेली नौका कुणाला आडवी येत नाही, म्हणून ती कुणाच्याच तातडीच्या यादीत येत नाही.

पाण्यातून काढणं

या कामात सगळ्यात जास्त चुका वजनाच्या अंदाजात होतात. हिशेब असा करायचा. दहा मीटर नौकेच्या कवचाचं क्षेत्रफळ साधारण ४० चौरस मीटर, जाडी १२ मिलिमीटर, फायबरचं वजन घनमीटरला सुमारे १,५५० किलो. गुणाकार येतो ७४५ किलो. डेक, आतल्या बरगड्या, खणांच्या भिंती, केबिन धरून दुप्पट, म्हणजे दीड टन. इंजिन, गिअर बॉक्स, शाफ्ट मिळून आणखी ८०० किलो. म्हणजे कोरडी नौका सव्वादोन-अडीच टनांची.

पण क्रेनला लागते ती कोरडी नौका नव्हे. आत एक घनमीटर पाणी राहिलं तर एक टन वाढलं. चिखल घनमीटरला दीड टनाहून जास्त. मासळीच्या खणात तीन घनमीटर चिखल बसला असेल तर साडेचार टन. अडीच टनांची नौका सहज सात-आठ टनांची होते. आणि '१४ टनी' हायड्रा (चाकांवरची क्रेन) बोलावला म्हणून निश्चिंत राहू नये, तो आकडा बूम अगदी जवळ असतानाचा असतो. जेटीच्या कडेपासून पाच-सहा मीटर पुढे हात काढला की क्षमता झपाट्यानं उतरते. यंत्राच्या केबिनमध्ये भाराचा तक्ता लावलेला असतो. तो बघितल्याशिवाय हुक खाली सोडू देऊ नये.

नौका पूर्ण बुडालेली असेल तर गणित थोडं आपल्या बाजूनं वळतं. पाण्याखाली फायबरचं वजन एक तृतीयांश उरतं: दीड टनाच्या कवचाचं अर्धा टन. ओतीव लोखंडाच्या इंजिनाचं फारसं घटत नाही, ८०० चे ७०० किलो. एकूण सव्वा टन. एक घनमीटरची हवेची पिशवी एक टन उचलते, म्हणजे कागदावर दोन पिशव्या पुरतात. कागदावरच, कारण चिखलाची पकड या हिशेबात नाही. तळ चिखलात बसला की त्याच्याखाली पाणी शिरू शकत नाही आणि नौका चोखून धरल्यासारखी राहते. ही पकड तिच्या पाण्यातल्या वजनाइतकी किंवा त्याहून जास्तही असू शकते. नवखा कंत्राटदार इथे आणखी दोन पिशव्या लावतो. मग पकड एकदम सुटते, चार पिशव्यांचा जोर सव्वा टनाच्या नौकेवर येतो आणि ती बाटलीच्या बुचासारखी वर उसळते. वर येताना पाण्याचा दाब कमी होतो (दहा मीटर खोलीवरची हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा घेते), पिशव्या फुगून तोंडाशी हवा सोडतात, नौका कलंडते आणि परत खाली जाते. यात पाणबुड्याचा जीव जाऊ शकतो. जाणकार माणूस आधी पाण्याच्या झोतानं तळाखालचा चिखल सोडवतो, एका टोकाला थोडा ताण देऊन ठेवतो आणि वाट बघतो.

कोकणात त्याहून जुनी आणि स्वस्त रीत आहे: भरतीलाच काम करायला लावायचं. तळ ओहोटीला टेकत असेल तर दोन्ही बाजूंना दोन धडधाकट नौका किंवा पडाव लावायचे, मध्ये आडव्या जाड वाशांची जोडी टाकायची आणि बुडालेल्या नौकेखालून घेतलेले दोर ओहोटीच्या तळाला करकचून बांधायचे. भरती चढली की तिन्ही एकत्र वर येतात. किनाऱ्याकडे ओढत न्यायचं, ओहोटीला परत दोर आवळायचे, पुन्हा पुढे. मुंबई-पालघरकडे उधाणाला पाण्याचा चढउतार चार मीटरच्या वर जातो, तिथे एका भरतीत बरंच अंतर कापता येतं. सिंधुदुर्ग-गोव्याकडे तो दोन मीटरच्या आसपास, तिथे तेच काम दोन-तीन भरत्यांचं.

भरतीची वेळ ठरवायला तिथीच्या आकड्याची पाऊणपट पुरते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या. याचा एक अडचणीचा अर्थ असा की अमावास्या-पौर्णिमेला, जेव्हा पाणी सगळ्यात खाली जातं, तेव्हा भरती बाराच्या आसपास आणि ओहोटी सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास येते. म्हणजे सगळ्यात कोरडी वेळ उजाडता किंवा मावळता. सुक्याच्या (पाणी सगळ्यात खाली असतं त्या वेळेच्या) आधी दोन आणि नंतर दोन, असे चारच तास हातात. संध्याकाळची ओहोटी धरली तर अंधारात चिखलात काम आणि वर चढतं पाणी. सकाळचीच धरावी, आणि सगळं सामान आदल्या दिवशी जागेवर नेऊन ठेवावं. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं-उतरतं तेव्हा) ओहोटी दुपारी येते, ऊन-उजेड भरपूर, पण पाणी पुरेसं उतरतच नाही.

नौकेचा काठ पाण्याच्या वर आला की उचलणं थांबवून उपसणं सुरू करायचं. तीन इंची पंप मिनिटाला हजारेक लिटर काढतो. मघाचं पाच सेंटिमीटरचं एक भोक उघडं राहिलं तरी तो जिंकतो. तशी चार भोकं असतील तर हरतो. म्हणून पंपाआधी भोकं. प्लायवूडचा तुकडा, खाली रबर, मधून आरपार बोल्ट, आतून दुसरा तुकडा. गोल भोकांना निमुळत्या गुट्ट्या. अर्धं पाणी उपसून मध्येच थांबू नये. आत मोकळं हिंदकळणारं पाणी एका बाजूला धावतं आणि नौका त्याच बाजूला उलटते.

पंपाचं तोंड तळाशी ठेवावं. डिझेल आणि ऑइल पाण्यावर तरंगतं, त्यामुळे खालचं पाणी आधी जातं आणि तेलाचा थर शेवटी राहतो. शेवटचे दहा-पंधरा सेंटिमीटर उरले की पंप बंद. ते पाणी हातपंपानं ड्रममध्ये घ्यायचं, खाडीत नाही. नौकेभोवती तेल अडवणारा तरंगता पट्टा हे सगळं सुरू करायच्या आधी टाकलेला हवा.

उचलताना डेकवरच्या खुंट्यांना दोर लावू नये, त्या खालचं लाकूड गेलेलं असतं. दोन रुंद पट्टे तळाखालून घ्यावेत. नाळेकडे तळ निमुळता होत जातो, त्यामुळे पुढचा पट्टा पुढे सरकून सुटतो. दोन्ही पट्टे एकमेकांना लांबीच्या दोरानं बांधले तर सरकत नाहीत. पट्टा आडव्याशी ६० अंशात असेल तर प्रत्येक बाजूवर वजनाच्या ५८ टक्के ताण येतो. तोच ३० अंशावर आला की प्रत्येक बाजूवर पूर्ण वजन, शिवाय पट्टे नौकेच्या कडा आत दाबतात आणि कुजलेली नौका मधोमध चेपते. वर एक आडवी लोखंडी तुळई टाकली की पट्टे सरळ उभे राहतात. तुळई आणायचा कंटाळा महागात पडतो.

खणात उतरण्याआधी

नौका किनाऱ्यावर आली, पाणी निथळलं, आता मासळीच्या खणात उतरून चिखल काढू, असं वाटतं. थांबावं. कुजलेली मासळी, सडलेलं पाणी आणि बंद झाकण यातून हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण हवेत त्याचं प्रमाण दशलक्षांश शंभरच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं आणि वास 'गेला' असं वाटतं. माणूस उतरतो, कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही कोसळतो. झाकणं किमान आदल्या दिवशी उघडी टाकावीत, ब्लोअरनं ताजी हवा खणाच्या तळापर्यंत सोडावी (हा वायू हवेपेक्षा जड, तळाशीच बसतो), आणि गॅस मीटर दोरीनं खाली सोडून वाचावा. ऑक्सिजन साडेएकोणीस टक्क्यांच्या खाली किंवा हायड्रोजन सल्फाइड दहा दशलक्षांशाच्या वर असेल तर कुणीही उतरायचं नाही. उतरणाऱ्याच्या कंबरेला दोर, आणि वरचा माणूस काहीही झालं तरी वरच.

मग रिकामं करणं. गॅस सिलिंडर आणि संकटकाळी उडवायचे फ्लेअर सगळ्यात आधी. बॅटऱ्या: टोकं सोडवून, उभ्या ठेवून, २०२२ च्या बॅटरी नियमांप्रमाणे नोंदणी असलेल्या संकलकाकडे. डिझेल बंद कॅनमध्ये. जुनं ऑइल नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे. होड्यांच्या तळाला फासायला ते वाटून टाकायची सवय आता सोडलेली बरी. जुन्या नौकेच्या सायलेन्सरवर पांढरी दोरी किंवा पट्टी गुंडाळलेली असेल तर ती ॲस्बेस्टॉस समजूनच हाताळावी: पाण्यानं भिजवून, न फाडता, दोन पिशव्यांत. जाळी, दोर, बोये वेगळे; नायलॉनच्या जाळ्याला गिऱ्हाईक मिळतं. खणाच्या भिंतीतला फोम मात्र कुणी घेत नाही, आणि वारा सुटला की त्याचे मणी गावभर होतात. तो कापण्याआधीच गोणीत भरून टाकावा.

कापणं

फायबरला गॅस कटर लावायचा नाही. रेझिन पेटतं, काळा विषारी धूर निघतो आणि आग विझवणं अवघड जातं. हिऱ्याच्या कणांची चकती लावलेलं कटर मशीन, आणि चकतीवर पाण्याची बारीक धार. पाणी नसेल तर काचेची धूळ उडते. ती त्वचेत घुसून खाज आणते हे सगळ्यांना माहीत असतं, फुप्फुसात जाते हे लक्षात घेतलं जात नाही. तोंडाला बांधलेला रुमाल काही कामाचा नाही. किमान एन-९५ मुखपट्टी, बंद चष्मा, पूर्ण बाह्या, आणि बाह्यांच्या तोंडाला चिकटपट्टी. खाली जाड ताडपत्री अंथरलेली असावी. विजेच्या मशीनवर पाणी वापरताना गळती-संरक्षक स्विच हवाच. हवेवर चालणारं मशीन मिळालं तर उत्तम.

क्रम असा: आधी केबिन, मग डेक, मग इंजिन उचलून बाहेर, आणि त्यानंतरच कवच. इंजिन आत असताना कवच कापलं तर आधार सुटतो आणि इंजिन आपल्या वाटेनं जातं. कवचाला दोन्ही बाजूंनी टेकू देऊन आडवे काप घ्यायचे, मीटर-सव्वामीटर रुंदीचे. तळाचा कणा शेवटी तोडायचा, कारण तोवर तोच सगळं एकत्र धरून असतो. दीड टन फायबर म्हणजे वजन काहीच नाही, पण वाकडे तुकडे कसेही टाकले तर दहा-बारा घनमीटर जागा खातात आणि टिपरवाला पैसे फेरीचे घेतो. एकसारख्या रुंदीचे तुकडे एकात एक बसतात. एवढ्याशा काळजीनं एक फेरी वाचते.

पूर्ण लाकडी नौका त्या मानानं सुखाची. फळ्या उकलतात, खिळे भंगारात जातात, सागाच्या चांगल्या फळीला आजही मागणी आहे. फक्त रंगवलेलं लाकूड घरच्या चुलीत घालू नये. जुन्या तळरंगात तांबं असतं, काही जुन्यात शिसंही.

फायबरचं करायचं काय

खरी अडचण इथे आहे. लोखंड वितळतं, लाकूड कुजतं, फायबर दोन्ही करत नाही. पॉलिएस्टर रेझिन एकदा घट्ट झालं की पुन्हा पातळ होत नाही, म्हणून त्याची प्लास्टिकसारखी पुन्हा बादली होत नाही. जाळलं तर धूर, पुरलं तर दोन पावसाळ्यांनी वाळूतून वर. 'समुद्रात बुडवा, मासे राहतील' हा सल्लाही कुणीतरी देतोच. कृत्रिम भित्तिकेला जड, न हलणारं, न झिजणारं काही लागतं. पाण्यात एक तृतीयांश वजन उरलेलं फायबरचं कवच पहिल्या वादळात कुणाच्या तरी जाळ्यात येतं.

तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात शहाणा मार्ग सिमेंटच्या भट्टीचा आहे. तुकडे बारीक करून भट्टीत टाकले की रेझिन इंधन म्हणून जळतं आणि काचेतली सिलिका, चुना, ॲल्युमिना सिमेंटमध्येच मुरतात. राख उरत नाही. काचेतल्या बोरॉनमुळे सिमेंट घट्ट व्हायला वेळ लागू शकतो, म्हणून प्रमाण थोडं ठेवावं लागतं. पण महाराष्ट्रातल्या सिमेंटच्या मोठ्या भट्ट्या चंद्रपूरकडे, आणि नौका रत्नागिरीला. दीड टन हलक्याफुलक्या तुकड्यांसाठी राज्य आडवं ओलांडणं परवडत नाही. पाच-दहा गावांच्या सोसायट्यांनी एकत्र येऊन एका जागी फायबर साठवलं, तिथेच बारीक केलं आणि भरलेला ट्रक पाठवला, तरच हिशेब जुळू शकतो. तोवर नियमात बसणारा मार्ग म्हणजे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला विचारून अधिकृत भरावभूमी. तेलानं माखलेले चिंधे, गाळ, ॲस्बेस्टॉस हे घातक कचऱ्यात मोडतं, त्याच्यासाठी तळोजा किंवा रांजणगावसारखी सामायिक केंद्रं आहेत.

फ्रान्सनं २०१९ पासून यावर नामी तोड काढली आहे: नवी सहलीची नौका विकतानाच मोडणीची वर्गणी घ्यायची, म्हणजे जुनी नौका केंद्रावर फुकट मोडून मिळते, मालकानं फक्त तिथवर आणायची. नॉर्वेत तर छोटी होडी जमा केली की मालकालाच हजार क्रोनर देतात. आपल्याकडे नवी नौका बांधायला मदतीच्या योजना येत राहतात. त्याच कागदावर जुनी कुठे आणि कशी मोडली याची पावती मागितली असती तर खाड्या निम्म्या मोकळ्या झाल्या असत्या, असं आमचं स्पष्ट मत आहे.

कंत्राट आणि कागद

कंत्राटदाराचा एक ठोक आकडा मान्य करू नये. काढणं, रिकामं करणं, कापणं, वाहतूक आणि विल्हेवाट, हे पाच आकडे वेगळे मागावेत. भंगारातून येणारे पैसे कोण घेणार, ते लिहून घ्यावं. बहुतेक वाद यावरून होतात. कामगारांचा विमा आहे का, पाणबुडा प्रशिक्षित आहे का, आणि ओहोटी चुकली तर क्रेनचा थांबून राहिल्याचा खर्च कुणाचा, हेही. सगळ्यात स्वस्त दर देणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: फायबर कुठे टाकणार? 'ते आमच्यावर सोडा' हे उत्तर आलं तर ते फायबर पुढच्या खाडीच्या काठाला सापडणार, आणि कवचावर क्रमांक तुमचाच असणार.

मोडणीआधी नौकेवर कर्जाचा बोजा नाही याची बँकेकडून किंवा सोसायटीकडून खात्री करावी. मालक वारलेला असेल तर वारसांची संमती लेखी. मोडण्याआधीचे, मोडतानाचे आणि जागा साफ झाल्यावरचे फोटो तारखेसह ठेवावेत. संकटसंदेश पाठवणारं यंत्र आणि नौकेचा ठावठिकाणा कळवणारा ट्रान्सपॉन्डर काढून ज्यांनी दिलं त्या कार्यालयात परत करावेत. भंगाराच्या ढिगात पडलेलं संकटयंत्र पाण्यानं किंवा धक्क्यानं सुरू झालं तर तटरक्षक दल खरोखर शोधायला निघतं. मग परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज, मूळ नोंदणी प्रमाणपत्र जमा, आणि नोंदणी रद्द झाल्याचं पत्र. ते पत्र नसेल तर नौका कागदावर समुद्रात फिरतच राहते. उद्या तिच्या क्रमांकाची दुसरी एखादी नौका कुठे पकडली गेली तर पोलीस मूळ मालकाच्या दारात येतात.

कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता, एकूण रकमेचा निदान पाव हिस्सा, राखून ठेवावा. भरावभूमीची वजनपावती, बॅटरी-ऑइलची पावती आणि ओहोटीला त्या जागेवर चालत जाऊन काढलेला फोटो, हे तिन्ही हातात आल्यावर तो द्यावा.